डबा नंतर, माणूस आधी

वाङ्मय मंडळाच्या अंकात इंजिनाचं काय काम, असं मैत्रिणीनं विचारलंच. काम आहे. शेवटपर्यंत वाचा.

माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, कार्ब्युरेटरवाली जुनी एस्टीम घेतली आहे. १२९८ सीसी, चार सिलिंडर. तिला फ्युएल इंजेक्शन बसवून कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायची, हे त्याचं स्वप्न. फक्त ट्रॅकवरच, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही. इंजेक्शनसाठी स्वतंत्र ईसीयू लागतो. पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ठरवणारा हा कॉम्प्युटर. आमच्या घरी त्याचं नाव 'डबा'.

कुठला घ्यायचा? एकीकडे ऑस्ट्रेलियाचे हॉलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक. दुसरीकडे अर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा, खुल्या डिझाइनचा, स्वस्त स्पीडुइनो. दादाचे मित्र म्हणतात, "घेतोस तर भारीतला घे की, फीचर्स बघ किती हाईत!"

मला हे पटत नाही. डब्यात मुळात एक तक्ता असतो. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला लोड. सोळा बाय सोळाचा तक्ता म्हटला तर २५६ घरं, आणि प्रत्येक घरातला आकडा कुणीतरी माणसानंच तपासायचा असतो. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल त्याहून जास्त द्यावं लागतं. तिथं कमी पडलं की नॉकिंग होतं, पिस्टन वितळू शकतो. चुकीचा आकडा महागडा डबासुद्धा तितक्याच इमानदारीनं पाळतो.

मग आकडे भरणार कोण? आमचे उद्यमबागचे मेस्त्री मामा. एस्टीमला क्रँक सेन्सरसाठी दातेरी चाक हवं होतं, छत्तीस दात्यांतला एक गाळलेलं. मामांनी ते इथंच करून घेतलं. पण डब्याचं मॅन्युअल इंग्रजीत. एका संध्याकाळी मी गॅरेजात बसून मराठीत वाचून दाखवत होते. 'ड्वेल' आलं. मी म्हटलं, कॉईल भरायला लागणारा वेळ. मामा हसले. "अगं पोरी, पॉइंट्सच्या गाड्यांत हेच तर लावत होतो आम्ही!" आणि पुढं विचारलं, "ऑइल प्रेशर पडलं तर हा डबा इंजिन बंद करतो काय?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न दादाच्या एकाही मित्राला सुचला नव्हता. दादानं त्याच रात्री यादी परत काढली.

म्हणून माझा क्रम असा. पहिलं, ट्यूनिंग करणाऱ्याला कुठला डबा कळतो? दुसरं, आपल्या चाकाचे दाते तो वाचतो काय, आणि चार इंजेक्टर वेगवेगळे चालवायचे तर चार आउटपुट आणि कॅम सेन्सरची सोय आहे काय? तिसरं, ऑइल प्रेशर पडल्यावर किंवा पेट्रोल कमी पडल्यावर तो इंजिन वाचवतो काय? किंमत यानंतर. आणि सगळे पैसे डब्यावरच संपवू नयेत, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि डायनोवरच्या ट्यूनिंगसाठी राखून ठेवावेत.

महागड्या डब्यांची बाजूही खरी आहे. त्यांची बांधणी मजबूत असते, अडल्यावर विचारायला कंपनी असते. जवळच्या माणसाला तोच येत असेल तर खुशाल तोच घ्यावा.

पण मामांसारख्या माणसाला "तुम्हाला यातलं कळणार नाही" म्हणून बाजूला बसवू नये. त्यांना इंजिन कळतं, अडतं ते इंग्रजीपाशी. तिथं मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलीचा उपयोग होतो, हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

डबा अजून घेतलेला नाही. मी रोज मॅन्युअलची दोन पानं मराठीत लिहून देते. मामा वाचतात, आणि चुका काढतात.