साखर मोजली, पण सुई कुठे टाकली?

रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या मधुमेहींच्या दंडावर आता पांढरी चकती दिसू लागली आहे. सहरीनंतर साखर किती होती, असरपर्यंत किती उतरली, हे मोबाइलवर कळते. फारच उतरली तर रोजा वेळेआधी सोडता येतो. याला चैन म्हणू नये. टाइप-१ मधुमेह असलेल्या लेकराची बोटे दिवसातून अनेकदा टोचणाऱ्या अम्मीला विचारून पाहा.

पण यातली बरीचशी सेन्सर १४ दिवस चालतात. दोन लावली तरी रमजान पुरा होत नाही. वर्षाला २६ लागतात. प्रत्येकासोबत जाड प्लॅस्टिकचा अॅप्लिकेटर येतो. दंडावर दाबला, 'टक्' आवाज झाला, की त्याचे काम संपले. सुई मात्र त्याच्या आतच राहते. १४ दिवसांनी निघणाऱ्या चकतीत बॅटरी आणि सर्किट असते.

हे सारे आपण कचऱ्याच्या डब्यात टाकतो. पुढे त्यात हात घालणारा कोण? मुंबईने १९२७पासून देवनारला कचरा ओतला आणि त्या डोंगराला लागून गोवंडीच्या वस्त्या उभ्या राहिल्या. कचरा वेचणाऱ्यांत, भंगाराच्या धंद्यात आपली माणसे किती आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. वाटेतला काटा उचलण्याला आपण ईमानाशी जोडतो. इथे तर आपणच तो पेरतो आहोत.

घरातल्या वापरलेल्या सुया आणि बॅटऱ्या हा घातक कचरा आहे, तो वेगळा द्यावा, असे २०१६च्या नियमांनी सांगितले होते. द्यायचा कुणाला? घंटागाडीवाल्याला विचारा, तो ओला की सुका एवढेच विचारील. २०२२च्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणे आहेत, पण संसर्गित उपकरणे वगळून. मग रक्ताला लागलेली चकती कोणाची?

दोष रुग्णाचा नाही. फ्रीस्टाइल लिब्रे ३मध्ये प्लॅस्टिक ४१ टक्के कमी केल्याचे अॅबट कंपनीच सांगते. म्हणजे कमी करता येते. मग वापरलेले परत का घेता येऊ नये? जे मेडिकल दुकान सेन्सर विकते, तिथेच परतीचा डबा हवा आणि त्याचा खर्च कंपनीने उचलावा. तसे पत्र आपापल्या वॉर्ड ऑफिसला आणि कंपनीला लिहा. मोहल्ल्यात मधुमेह शिबिर घेणाऱ्या जमातींनीही ही अट आधी घालावी.

तोवर अॅप्लिकेटर झाकणाच्या जाड डब्यात साठवा, वर ठळक 'सुई' लिहा, आणि चकत्या वेगळ्या ठेवा.