मटणाची वाटणी



मांसाहाराविषयी आपणांस आजवर दोन प्रकारचे साक्षीदार भेटत आले. एक म्हणतो, मांस खाणारा विटाळलेला. दुसरा म्हणतो, मटणावाचून अंगात रक्त चढत नाही. पहिल्याची साक्ष आपण धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी फेटाळली. दुसऱ्याची उलटतपासणी मात्र अजून राहिली आहे, आणि ती घेणे प्राप्त आहे.

शेळी, मेंढी, म्हैस, डुक्कर यांच्या मांसास वैद्यकशास्त्र 'लाल मांस' म्हणते. त्यात उत्तम प्रथिने आहेत, बी-१२ जीवनसत्त्व आहे आणि लोह आहे. हे लोह डाळी-पालेभाज्यांतील लोहापेक्षा शरीर अधिक सहज शोषून घेते. इतकेच नव्हे, तर सोबत थोडे मांस असले की भाजीतील लोहही अधिक अंगी लागते. एवढ्यापुरता साक्षीदार खरे बोलतो.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली २२ तज्ज्ञांकरवी ८००हून अधिक अभ्यास तपासविले. खारवून, धुरी देऊन वा अन्य रीतीने टिकविलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारण होते, असा निर्णय त्यांनी दिला. ताज्या लाल मांसाविषयी 'बहुधा' एवढेच म्हटले. टिकविलेले मांस तंबाखूच्याच गटात बसलेले पाहून पुष्कळ जण घाबरले. परंतु आरोप शाबीत होणे वेगळे आणि शिक्षेचे प्रमाण वेगळे. तो गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याची मात्रा नव्हे. टिकविलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मूळच्या धोक्यात सुमारे १८ टक्क्यांची भर पडते, असा त्यांचा हिशेब आहे. आणि टिकविलेले मांस म्हणजे केवळ सॉसेज-सलामी नव्हे. मीठ लावून उन्हात वाळविलेल्या चान्याही त्यातच मोडतात. ज्या चान्यांनी आपल्या आया-आज्यांची चूल दुष्काळात पेटती ठेवली, त्यांना हिणविण्याचा अधिकार कोणास नाही. तरी त्या आज रोजच्या ताटात नसाव्यात.

ताज्या लाल मांसाची मर्यादा आठवड्यास शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. 'एवढे तरी कोणास मिळते?' असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण तो आपल्याच स्वयंपाकघरात विचारून पाहावा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. याची कारणे अनेक आहेत, मासिक पाळी आणि बाळंतपणे त्यांत आलीच. तथापि जेथे बोट्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जातात आणि शेवटी जेवणाऱ्या सुनेस रस्सा उरतो, तेथे अतिरेकाचा धोका एकाकडे आणि अभावाचा दुसरीकडे, अशी वाटणी आपणच केलेली असते. ती मनूने सांगितली म्हणून चालू आहे, असे म्हणण्याची सोय आता आपणांस नाही.

मुलीचे व सुनेचे हिमोग्लोबिन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. कमी भरल्यास डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. केवळ मटणाने ते भरून येईल अशा भरवशावर राहू नये. जेवणाबरोबर चहा टाळावा, लिंबू पिळावे. गरोदरपणी कलेजी डॉक्टरांस विचारूनच द्यावी. आणि येत्या रविवारी मटण शिजले, तर पहिले ताट तिचे वाढावे.