सहा आठवडे हंडा उचलला नाही



गेले दोन महिने हे सदर आलं नाही. काही भगिनींनी विहारात चौकशी केली, काहींनी निरोप पाठवले, “ताई कुठं गडप झाल्या?” गडप कुठं होणार! घरातच होते, पाठीला उशी लावून पडले होते. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. ही गोष्ट आपण बायका कानात कुजबुजतो. मी मोठ्यानं सांगते, कारण यात लाजण्यासारखं काहीच नाही. आणि या आजारपणात मला जे मिळालं, ते तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षं पाळीच्या दिवसांत अंगावरून फार जात होतं. कंपनीत आठ तास उभं राहून पॅकिंग करायचं, घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. चक्कर आली तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणायचं. एक दिवस कामावरच खाली बसले. तपासणीत हिमोग्लोबिन ७ निघालं आणि सोनोग्राफीत गर्भाशयाला गाठी दिसल्या. आधी गोळ्या घेऊन पाहिल्या, फरक पडला नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं आणि त्यानंतरच ऑपरेशन ठरलं. हे मुद्दाम लिहिते आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याच्या बातम्या २०१९ साली आपण सगळ्यांनी वाचल्या. सरकारला त्याची चौकशी करायला समिती नेमावी लागली. तेव्हा भगिनींनो, एकानं म्हटलं म्हणून लगेच पिशवी काढायला तयार होऊ नका. पण खरंच गरज असेल तर भिऊन दुखणं अंगावरही काढू नका.

ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. त्यासाठी आमच्या गल्लीतली दोन पोरं रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आली. त्यातल्या एकाचा चेंडू खिडकीवर आदळतो म्हणून मी त्याला कितीदा फैलावर घेतलं होतं! तो म्हणाला, “मावशी, आता ओरडायला ताकद येईल तुम्हाला.”

सहाव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सहा आठवडे जड उचलायचं नाही, भरलेला हंडा तर नाहीच. पडून राहायचं नाही, थोडं थोडं चालायचं. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. लोहाच्या गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही, लिंबू-पाणी चालेल.

घरी आल्यावर पहिली काळजी पैशाची. पण माझा कामगार विमा आहे. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. रजेचे कागद नेऊन देताना आमचे हे म्हणाले, “हे काही आपोआप मिळालेलं नाही.” खरंच आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्राध्यापक अडारकर यांच्याकडे दिलं गेलं. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. इतक्या वर्षांनी त्याच विम्याच्या आधारानं मी निवांत पडले होते. तुमच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात असतील तर आपला विमा नंबर आणि कागद नीट जपून ठेवा. आजारी पडल्यावर शोधाशोध करू नका.

आता घरातली गंमत सांगते. आमच्या ह्यांनी बावीस वर्षांच्या संसारात चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मुगाची खिचडी केली. मीठ त्यांनी घातलं आणि मुलीनं घातलेलं नसेल म्हणून धाकट्यानंही घातलं. तिघांनी एक एक घास खाल्ला आणि कुणी काही बोलेना. धाकटा हळूच म्हणाला, “पप्पा, खिचडी समुद्रावरून आणली का?” मला असं हसू फुटलं की टाके ओढायला लागले. एका हातानं उशी दाबली, दुसऱ्या हातानं डोळे पुसले. “हसू नको गं, टाका तुटंल!” म्हणत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःच हसत होत्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळे मिळून असं हसलो, त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

शेजारच्या भाभींनी मटणाचा अळणी रस्सा पाठवला. महिला मंडळाच्या बायका खजूर-शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या आणि जाताना न सांगता मोरीतली भांडी घासून गेल्या. मुलगी संध्याकाळी आजीला हे साप्ताहिक वाचून दाखवायची. मी डोळे मिटून ऐकायचे. एरवी त्या वेळी माझा स्टोव्ह फरफरत असतो, माझ्या कानावर काही पडतच नाही.

इतकं सगळं असूनही मनात टोचणी होती. सगळे करतात आणि आपण लोळतो, असं वाटायचं. आपल्या बायकांना हा रोगच आहे. आयुष्यभर राबून आपली किंमत आपण कामात मोजायला शिकलो. काम थांबलं की वाटतं, आता आपण या घराला ओझं झालो.

बाराव्या दिवशी पहाटे साडेचारला नळ आला. पाणी भरायचं काम धाकट्याकडे होतं, पण रात्री अभ्यासाला जागल्यामुळे तो गाढ झोपला होता. मी हळूच उठले, नळाला हंडा लावला, भरला आणि उचलायला वाकले. तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट धरलं. आत्याबाई होत्या.

“ठेव तो खाली.”

“अहो, एकच हंडा आहे.”

“म्या बी एकच घागर म्हणले होते.”

मग तिथंच, नळापाशी बसून, त्यांनी मला सांगितलं. १९८१ साल. तालुक्याला कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं, तिथं त्यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मुकादमाचं बोलावणं आलं, निंदणीला चला. घरात खाणारी तोंडं सात. त्या गेल्या. संध्याकाळी विहिरीवरून घागर आणली. टाक्याला पू झाला, महिनाभर ताप. पुढं जखम भरली, पण तिथं एक फुगवटा राहिला. जड उचललं, खोकला आला की तो वर येतो, ओढतो. चाळीस वर्षांहून जास्त झाली. मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“मला कुणी उचलू नको म्हनलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझी सासू बी तशीच उठली व्हती. तिला वाटलं, बाईचं असंच असतं. ती रीत आता माझ्यापाशी संपली.”

त्यांनी आत जाऊन नातवाला हलवून उठवलं. तो डोळे चोळत आला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हंडा उचलला.

त्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी मला मोरीत पाटावर बसवून शिकेकाईनं डोकं धुतलं. बारा दिवसांनी डोक्यावर पाणी पडत होतं. त्यांचे खरखरीत हात केसांतून फिरत होते. लहानपणी आई गेली माझी, त्यानंतर असं कुणी डोकं धुतलं नव्हतं. पाणी डोळ्यांत गेलं असं मी म्हणाले. त्यांनी तसं ऐकून घेतलं.

मला तेव्हा भगवान बुद्धांच्या चरित्रातला एक प्रसंग आठवला. एक भिक्खू आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. का, तर तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवलं, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवलं. हा प्रसंग मी कितीदा ऐकला असेल. पण दर वेळी मी स्वतःला पाणी आणणाऱ्याच्या जागी पाहत होते. आजारी माणसाच्या जागी कधी पाहिलं नव्हतं. उपयोगी पडलं तरच सेवा मिळते, हा हिशेब भगवंतांनी त्या दिवशी मोडला. मी मात्र तो हिशेब स्वतःलाच लावत होते.

भगिनींनो, आता मी कामावर रुजू झाले आहे. सहा आठवडे संपले. हंडा उचलायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण मी घरी सांगितलं, पाणी भरायचं काम धाकट्याकडेच राहील आणि रविवारचा स्वयंपाक ह्यांच्याकडे. माझी तब्येत सुधारली म्हणून त्यांनी शिकलेलं काम का विसरावं? ह्यांची खिचडी आता चांगली होते. मीठ एकच जण घालतो.

घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, रक्त देणाऱ्या पोरांचे आभार मी तोंडानं मानलेच. आत्याबाईंचे आभार मात्र तोंडानं मानून भागणार नाही. गेल्या आठवड्यात त्यांना तपासून आणलं. तो फुगवटा हर्नियाचा आहे, ऑपरेशननं बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या नको म्हणत होत्या. “या वयात कशाला? घरचं कोन बघंल?”

धाकटा म्हणाला, “आजी, खिचडी मी करतो. फक्त हसायचं नाही, टाका तुटंल.”

पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही एकदा जवळ बसून विचारा, ‘आई, तुझं कुठं दुखतं?’ आपण होऊन ती सांगणार नाही.

जयभीम!