निसर्गात सोडलंय म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. "आमचा ससा पाच वर्षांचा आहे. मुलीचं दहावीचं वर्ष, वेळ मिळत नाही. कर्जतला कुणाचं फार्महाऊस आहे का? निसर्गात मोकळा सोडायचाय." खाली अकरा अंगठे, चार बदाम. एका काकूंनी तर "किती छान विचार!" असंही लिहिलं.

मी रिप्लाय टाइप केला, खोडला, परत टाइप केला. मग म्हटलं, ग्रुपवर भांडण्यापेक्षा शनिवारी सविस्तरच लिहू. तर मंडळी, हा तो रिप्लाय.

आधी एक कबुली. मी सातवीत असताना डोंबिवलीच्या घरी आमचे दोन ससे होते. दुकानदार म्हणाला होता, "दोन्ही माद्या आहेत." दोनाचे आठ झाले तेव्हा कळलं. (सशाची मादी साधारण ३१ दिवसांत वीते आणि वीताच परत गाभण राहू शकते.) एका रविवारी बाबा सगळ्यांना टोपलीत घालून नेरळकडच्या कुणाच्या तरी वाडीवर सोडून आले. "मजेत आहेत तिकडे," असं आम्हाला कित्येक महिने सांगितलं जायचं. इंजिनिअर झालो तरी मला ते खरंच वाटत होतं!

खरं काय ते गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कळलं. आपल्यासाठी खालापूर म्हणजे टोलनाका. तिथून थोडं आत एका मित्राच्या काकांचं फार्महाऊस आहे. आम्ही पोचलो तर राखणदार मामा म्हणाले, "कुणीतरी रातच्याला दोन ससं टाकून गेलाय. एक कुत्र्यांनी नेला. दुसरा टाकीखाली बसलाय, हालत नाय." तो हलणार कसा? मागचे दोन्ही पाय लुळे, नखं वळलेली, लघवीत भिजून पोटाची कातडी सोललेली. जवळच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आम्ही गाई-म्हशी-शेळ्या बघतो, सशाचं मला जमणार नाही. ओल्या टॉवेलशेजारी बर्फाची बाटली ठेवून त्याला नवी मुंबईत आणला. वय सात-आठ, मणक्याचा संधिवात. आम्ही त्याचं नाव आजोबा ठेवलं.

आता मुद्द्यावर येतो. सगळा घोळ त्या 'ससा' शब्दात आहे. कर्जतच्या माळावर दिसतो तो रानससा वेगळा आणि दुकानातला पांढरा वेगळा. नुसती जात नाही, प्रजातच वेगळी. त्यांचा संकरही होत नाही. रानसशाची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवून जन्मतात. पाळीव सशाची उघडी आणि आंधळी. रानसशाचा रंग मातीत मिसळतो. आपला पांढराशुभ्र ससा हिरव्या शेतात लांबून दिसतो. रानससा कायद्याने संरक्षित वन्यप्राणी आहे. पाळीव ससा युरोपातल्या सशापासून शेकडो वर्षं माणसाने घरात घडवलेला. त्याला 'निसर्गात परत' पाठवायचं म्हणजे नक्की कुठे? त्याचा निसर्ग तुमची बाल्कनी आहे हो.

त्यात हवा कर्जतची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि सशाला तिशीच्या वर त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे बीळ खणलंच तर त्यात पाणी. शिवाय कुत्री, मुंगूस, रानमांजर, साप, घार.

इथे कोणीतरी हमखास ऑस्ट्रेलिया काढतो. "तिकडे तर सोडले आणि कोट्यवधी झाले!" बरोबर, पण कुठले? पाळीव ससे तिकडे १७८८ च्या पहिल्या ताफ्याबरोबरच गेले होते. पुढची सत्तर वर्षं अधूनमधून आणखी जात राहिले, पण देशभर काही पसरले नाहीत. पसरले ते १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिनने इंग्लंडहून मागवलेल्या सशांचे वंशज, आणि त्यांच्यात रानटी रक्त होतं. हे २०२२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे ऑस्ट्रेलियाचं उदाहरणही तुमच्या विरुद्धच जातं.

कायदा? आहे ना. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. टोलसुद्धा याहून महाग पडतो.

"मग काय पिंजऱ्यात सडवायचा?" नाही. सशाला पिंजरा नको, खोली हवी, आणि ढीगभर वाळलेलं गवत. गाजर नव्हे, गवत! दात आयुष्यभर वाढतात ते त्यानेच झिजतात. बारा तास काही खाल्लं नाही तर पोट बंद पडतं, ती इमर्जन्सी. चांगला सांभाळला तर आठ ते बारा वर्षं जगतो. एका पिझ्झाच्या पैशात मिळणारं पिल्लू म्हणजे मुलीच्या पहिलीपासून बारावीपर्यंतची कमिटमेंट. हे दुकानदार सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

आणि खरंच ठेवता येत नसेल तर? मान्य आहे. बदली होते, आजारपण येतं. मग घर शोधा, फार्महाऊस नको. आधी अनुभवी डॉक्टरकडून नसबंदी करून घ्या (मादीत तर उतारवयातला गर्भाशयाचा कॅन्सर त्याने टळतो). नवं घर स्वतः जाऊन बघा, कुत्रं-मांजर आहे का विचारा, आजार लपवू नका. दोन-तीन महिने लागतील. लागू देत. नोटीस पीरियड आपणही देतोच की.

म्हातारा ससा कोण घेणार, हा प्रश्न मीही विचारायचो. आजोबांना रोज दोनदा कोमट पाण्याने पुसावं लागतं, खाली मऊ टॉवेल, जेवण कधीकधी सिरिंजने. पाऊण तास जातो. तेवढा वेळ माझा सिल्क बोर्डच्या सिग्नलला... सॉरी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सहज जायचा. मोबदल्यात ते काही देत नाहीत. फक्त गवताची पिशवी वाजली की पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत येतात.

ग्रुपवरच्या त्या बाईंना मी फोन केला. म्हटलं, घर मिळेपर्यंत तुमचा ससा माझ्याकडे राहू दे. "विचार करून सांगते," म्हणाल्या. अजून सांगितलेलं नाही, आणि परवा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा नजर चुकवली.

असो. आजोबांच्या औषधाची वेळ झाली.