चित्राची वंशावळ

जुन्या चित्रांचा संग्रह करणारे पुष्कळ लोक चित्राचा दर्शनी भाग तेवढा पाहतात. आमच्या मतें खरा संग्राहक तो, जो चौकट उलटी करून पाठ पाहतो. प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या, लिलावाचे आंकडे, दुकानदाराची मोहोर हीं तेथेंच सांपडतात. त्यांस मृत्युपत्रें, हिशेबाच्या वह्या व जुनीं सूचिपत्रें यांची जोड दिली म्हणजे चित्र कोणाच्या हातून कोणाकडे गेलें याची वंशावळ तयार होते. हा खटाटोप नकली माल ओळखण्यापुरताच आहे असें कोणी समजूं नये. चित्र कोणी, कोणास व कां दिलें हेंही त्यांतूनच कळतें.

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन चित्रांचेंच पाहा. थॉमस कोल हा निसर्गचित्रकार १८४८ सालीं वारला, तेव्हां कवि विल्यम कलन ब्रायंट यांनीं त्याच्या गौरवपर भाषण केलें. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून जोनाथन स्टर्जिस नांवाच्या व्यापाऱ्यानें अॅशर ड्युरंड याजकडून एक चित्र काढवून १८४९ मध्यें ब्रायंट यांस भेट दिलें. 'किंड्रेड स्पिरिट्स', म्हणजे समानधर्मे, हें त्याचें नांव. कॅट्सकिल पर्वताच्या दरींत एका कड्यावर कवि व चित्रकार उभे आहेत. पुढें ब्रायंट यांच्या कन्येनें तें १९०४ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास अर्पण केलें. इतकी सरळ व निर्मळ वंशावळ क्वचितच आढळते.

२००५ सालीं ग्रंथालयाच्या विश्वस्तांनीं तें विकावयास काढलें, आणि तेंही बंद लिफाफ्यांतील बोलीनें, थोडक्या आठवड्यांत. त्याच शहरांतील मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेशीं मिळून बोली केली, ती कमी पडली. अॅलिस वॉल्टन यांनीं साडेतीन कोटि डॉलरांहून अधिक किंमतीस तें घेतलें, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. आज तें आर्कान्सा संस्थानांतील बेंटनव्हिल येथें, २०११ सालीं उघडलेल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयांत आहे.

ग्रंथालयास पैशाची जरूरी होती, आणि नव्या ठिकाणीं प्रवेशास शुल्क नाहीं. घेणारीस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. आमची तक्रार आहे ती विश्वस्तांविषयीं. देणगीची वस्तु विकावयाचीच तर ज्या गांवास ती मिळाली त्यास अगोदर पुरेशी मुदत द्यावयास नको काय?

मुदत दिल्यानें काय होतें तें फिलाडेल्फियांत दिसून आलें. टॉमस ईकिन्स यानें १८७५ सालीं काढलेलें 'ग्रॉस क्लिनिक' हें शस्त्रक्रिया शिकविणाऱ्या डॉ. सॅम्युएल ग्रॉस यांचें भव्य चित्र. जेफर्सन मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनीं तें १८७८ मध्यें अवघ्या २०० डॉलरांस घेऊन कॉलेजास दिलें होतें. अशी भेट ही संस्थेची मालमत्ता कीं ठेव, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही स्वतःस विचारून पाहावा. २००६ सालीं ६ कोटि ८० लक्ष डॉलरांस तें विकावयाचें ठरलें; परंतु शहरास ४५ दिवस देण्यांत आले. लोकांनीं वर्गणी जमविली, कर्जही काढलें, आणि चित्र गांवांतच राहिलें. मात्र आपला वाटा भरण्यासाठीं तेथील ललितकला अकादमीस ईकिन्सचेंच 'सेलो वाजविणारा' हें दुसरें चित्र विकावें लागलें. घेणाऱ्याचें नांव व किंमत, दोन्हीही त्या वेळीं जाहीर झालीं नाहींत.