फायरबॉलची व्याप्ती आणि वाचकाचे सार्वभौमत्व

अर्थ वाचक ठरवतो, संहितेला स्वतःची अशी मर्यादा नसते, हे विधान आपल्या पदव्युत्तर वर्गांत इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची तसदी आता कोणी घेत नाही. स्टॅन्ली फिश यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९८० चा. त्यातील अर्थनिर्णायक समूहाची कल्पना मोकाट वाचकाला वेसण घालणारी आहे, हे मात्र उत्तरपत्रिकांत क्वचितच आढळते. या सोयीस्कर वाचकवादाचा प्रतिवाद मला एका खेळात सापडला. खेळाचे नाव काढताच काही विद्वानांच्या कपाळाला आठ्या पडतील, पडोत.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळावयाचा खेळ. अहिल्यानगरला (आमच्या जिभेवर अद्याप नगरच) माझे काही विद्यार्थी तो खेळतात. त्यांच्यात झालेला एक वाद मी ऐकला. जादूगाराने टाकलेल्या 'फायरबॉल'ची त्रिज्या वीस फूट. त्याच्याच पक्षाचा जखमी योद्धा नेमका काठावरच्या चौकोनात उभा, आणि वर्तुळ त्या चौकोनाचा जेमतेम सहावा भाग व्यापणारे. चौकोन आत धरला तर वर्षभर वाढवलेले पात्र संपले. दोन्ही बाजू म्हणत होत्या, 'नियमात तसेच लिहिले आहे.'

संहितावाद्यांनी येथे फार हुरळून जाऊ नये. १९७८ च्या नियमपुस्तकात ही आग सुमारे ३३,००० घनफूट जागा भरून काढते. म्हणजे दहा फूट रुंद व तितक्याच उंच भुयारात ती ३३० फूट पसरणार आणि टाकणाऱ्यालाच भाजणार! २०१४ च्या आवृत्तीत त्रिज्या कायम राहते, आग कोपऱ्यांना वळसा घालते, आणि चौकटींवर खेळताना किमान अर्धा चौकोन व्यापला गेला तरच तो बाधित मानावा, असे सूत्रधाराच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. त्रिज्येचा आकडा तोच असूनही व्याप्ती अशी बदलते. सूत्रधाराने २०१४ चा नियम लावला; योद्धा वाचला.

वाचकवादी म्हणतील, पाहा, अखेर निर्णय माणसानेच दिला. दिला खरा; पुस्तकही त्याला तो अधिकार देते. परंतु पुढच्या आठवड्यात शत्रूपक्षाने तसाच गोळा टाकला, तर तोच चौकोन त्याला पुन्हा वगळावा लागतो. न वगळला तर खेळाडू उठून जातील. आपल्याच निर्णयाने उद्या बांधला जाणारा हा वाचक सार्वभौम कसा?

व्याप्तीचा हा प्रश्न मराठीला नवा नाही. चक्रधरांचे वास्तव्य घडलेले डोमेग्राम आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात गोदाकाठी आहे. त्यांनी शिष्यांना कन्नड व तेलंग देशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, असे सांगितले. पण महाराष्ट्र म्हणजे कोठून कोठपर्यंत? महानुभाव भाष्यकारांनी त्यासाठी भाषा हे माप घेतले. फलटणपासून गोदेचे दोन्ही तीर, पुढे वऱ्हाड, अशी खंडमंडळे त्यांनी मांडली. बोलीत थोडा पालट मान्य केला, पण सर्व मिळून महाराष्ट्रच म्हटले. निषेधाचे कारणही त्यांच्यापुढे होते: ते देश विषयबहुल, तेथे मान मिळतो. म्हणजे शब्द, त्यामागचा हेतू आणि मोजण्याचे साधन, तिन्हींचा हिशेब त्यांना द्यावा लागला. शिवाय भाष्य लिहिणाऱ्याला स्वतःलाही त्याच सीमेच्या आत पायी हिंडावयाचे होते. ही जबाबदारी अंगावर असलेला वाचक मनाला येईल तेथे रेघ ओढत नाही.

आमच्याकडे ही परंपरा प्राचीन मराठीच्या प्रश्नपत्रिकेत बंद आहे आणि फिश सिद्धांताच्या; दोन्ही शिकवणारा प्राध्यापक बहुधा एकच असतो. तेव्हा वाचकाच्या सार्वभौमत्वाची द्वाही फिरवणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे: एका कवितेविषयी दिलेल्या निर्णयाने दुसऱ्या कवितेच्या बाबतीत, स्वतःला गैरसोयीचे असतानाही, आपण बांधले गेलो, असे एक तरी उदाहरण त्यांनी आपल्या लेखनातून दाखवावे.