रेड अलर्ट होता, मग पाऊस गेला कुठे?

पावसाळ्यात हे नेहमीचंच. रायगडला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि अलिबागला लख्ख ऊन. लगेच ग्रुपवर हवामान खात्याचे मीम्स सुरू. पण त्याच दिवशी पोलादपूरच्या घाटात धो-धो कोसळत असू शकतो. अलर्ट जिल्ह्याला मिळतो. ढगाला जिल्ह्याची हद्द माहीत नसते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. त्याच मुंबईत, कुलाब्याला जेमतेम 73!

मग कॉम्प्युटरला नेमकी जागा का सांगता येत नाही? हवामानाचं मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाचं गणित करतं. मे 2025 मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, तेव्हा हा चौकोन 12 किमीवरून 6 किमीवर आला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही बारीक करावे लागतात, म्हणजे गणित साधारण आठपट. म्हणूनच 'अर्का'सारखा सुपरकॉम्प्युटर लागतो.

तरीही एक चौकोन 36 चौरस किमीचा. ढगफुटी म्हणजे तासाला 100 मिमी पाऊस, तोही साधारण 20 ते 30 चौरस किमीत. म्हणजे अख्खी ढगफुटी एका पिक्सेलमध्ये मावते. एका पिक्सेलवरून चेहरा ओळखून दाखवा बघू.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ऑरेंजचा साधारण अर्थ 115.6 ते 204.4 मिमी, पण 24 तासांत मिळून. तेवढाच पाऊस दिवसभर रिपरिपला तर छत्रीत भागतं. दोन तासांत पडला आणि समुद्राला भरती असली तर लोकल बंद. रंग दोन्हीचा एकच.

त्यामुळे माझ्या मते अलर्ट हा आदल्या दिवशी प्लॅन ठरवण्यापुरता. घाटातला ट्रेक असेल तर रेडला सरळ रद्द करा, खाली ऊन असलं तरी. निघायच्या आधी मात्र 'मौसम' ॲपवरचा नाउकास्ट बघा. तो पुढच्या दोन-तीन तासांचा असतो आणि त्यामागे रडार असतं, म्हणजे प्रत्यक्ष आकाशात असलेल्या थेंबांवरून परतलेले सिग्नल. विजांसाठी 'दामिनी' वेगळं आहे. त्याला लोकेशनची परवानगी द्या, नाहीतर तुमच्या आसपासचा इशारा ते देणार तरी कसा?